पित्त झालं की पित्त उठलं?

सिस्टरताई, इंदूर:
मंडळी, एका शब्दावर गाडी अडली आहे. मी नर्सिंगच्या मुलींना शिकवते. बुऱ्हाणपूर, जळगावकडचे पुष्कळ पेशंट उपचाराला इंदूरला येतात, म्हणून पेनिसिलिन देण्याआधी विचारायचे प्रश्न मराठीत लिहून काढते आहे. पहिल्याच प्रश्नाला अडले. 'पेनिसिलिनची ॲलर्जी आहे का?' यातल्या ॲलर्जीला काय म्हणू? मी 'वावडं' लिहिलं होतं. जाऊबाई म्हणाल्या, "वावडं म्हणजे नावडतं ना? मला कारल्याचं वावडं आहे."

एवढं का मनावर घेतलं तेही सांगते. मागे एका वॉर्डात एक बाई म्हणाल्या, "त्या गोळीनं मला पित्त उठलं होतं." मुलीने कागदावर नुसतं 'पित्त' लिहिलं. पुढच्या पाळीच्या सिस्टरने ते ॲसिडिटी समजून वाचलं. टेस्टसाठी हात पुढे करताना बाईंनी आपणहून कोपरापासून मनगटापर्यंत बोट फिरवलं, "इथपर्यंत गांधीच गांधी होत्या." गांधी म्हणजे अंगावर उठणाऱ्या फुगीर, खाजऱ्या गाठी. तेव्हा कुठे औषध बदललं.

भाषाव्रती:
'अधिहृषता' हा शब्द तयार आहे. वापरला नाही तर रुळणार कसा? हिंदीवाले 'प्रत्यूर्जता' छापतातच की.

तुकोगंजकर:
छापतात, पण बोलतं कोण? आणि 'ॲलर्जी' तरी इंग्रजांच्या घरचा कुठे? १९०६ साली व्हिएन्नाच्या पिर्के नावाच्या बालरोगतज्ज्ञाने दोन ग्रीक शब्द जोडून तो घडवला. त्यांनी घडवलेला चालतो, मग आपण घडवलेला का नाही, हा भाषाव्रतींचा मुद्दा मला पटतो. फक्त रात्री दोन वाजता घाबरलेल्या माणसासमोर तो शब्द नको.

जुनी इंदूरवाली:
सिस्टरताई, तुमची गोम नामात नाही, क्रियापदात आहे. पित्त झालं म्हणजे तोंड आंबट, उलटी. पित्त उठलं म्हणजे अंगावर गांधी. पित्त खवळलं म्हणजे राग. मुलीने क्रियापद गाळलं तिथेच घोळ झाला. इथल्या हिंदीत 'पित्ती उछल आई' म्हणतात, तिथे हा गोंधळच नाही, कारण 'पित्त' आणि 'पित्ती' हे शब्दच दोन.

सिस्टरताई, इंदूर:
काकू, हे लाखमोलाचं! उद्याच फळ्यावर लिहिते: पेशंटचं वाक्य क्रियापदासकट उतरवा.

सुदामानगर:
आमच्याकडे आई म्हणते, "गोळी गरम पडली." तोंड आलं तरी गरम, जुलाब झाले तरी गरम, पुरळ आलं तरी गरम.

सिस्टरताई, इंदूर:
हेच तर वेगळं काढायचं आहे. अमॉक्सिसिलिनने पोटातले उपयोगी जंतूही मरतात, जुलाब होतात. तो त्रास खरा, पण ती ॲलर्जी नव्हे. अंगावर गांधी, ओठ-डोळे सुजणं, घसा आवळणं, दम लागणं, चक्कर हे तासाभरात, कधी काही मिनिटांत सुरू झालं तर ती ॲलर्जी. तेव्हा मांडीच्या स्नायूत ॲड्रेनॅलिन लगेच द्यावं लागतं, म्हणून ते आधीच हाताशी ठेवतो. आणि 'पेनिसिलिन घेतलं होतं का?' एवढं विचारून भागत नाही. अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, क्लॉक्सासिलिन ही त्याच घरातली. ऑगमेंटिनच्या तर नावातही 'सिलिन' नाही, आत अमॉक्सिसिलिनच.

तुकोगंजकर:
घर निघालंच आहे तर, पेनिसिलियम ही बुरशी भिंगाखाली कुंचल्यासारखी दिसते. लॅटिनमध्ये लहान कुंचला म्हणजे 'पेनिसिलस'. आपली पेन्सिलही त्याच मुळातली. पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंगने १९२९ साली हे बुरशीचं नाव औषधाला दिलं.

भाषाव्रती:
व्युत्पत्तीच काढायची तर 'वावडं'ची काढा. मला ते 'वावडी'शी जोडलेलं वाटतं. पतंग जसा हाताला लागत नाही, दूर दूर जातो, तसं.

जुनी इंदूरवाली:
नुसत्या उच्चारावरून नातं जोडू नका हो. आमच्या माहेरी 'मला वांग्याचं वावडं' म्हणजे खाल्लं की अंग खाजतं, असाच अर्थ होता. नावड नंतर चिकटली.

सुदामानगर:
पण काकू, ॲलर्जीचंही तेच झालंय. माझा मुलगा म्हणतो, "मला गणिताची ॲलर्जी आहे." माझ्या आईला संधिवाताच्या तापाने हृदयाची झडप बिघडली, तेव्हापासून दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिन लावतात. बारा लाख युनिटचं, दुधासारखं पांढरं, घट्ट. सिस्टर कुपी तळहातात घोळवून घोळवून हलवतात, जाड सुई घेतात, तरी मधेच अडकते. आई दर वेळी म्हणते, "मला याची ॲलर्जी आहे गं." तिला म्हणायचं असतं, दुखतं. नवी सिस्टर दचकून थांबते.

भाषाव्रती:
इंजेक्शन 'लावत' नाहीत. देतात किंवा टोचतात. लावतात ते मलम. हिंदीचं 'लगाना' तेवढं सोडा.

सुदामानगर:
दोनशे-अडीचशे वर्षं घरं इथे आहेत आमची. आजीही 'सुई लावली' म्हणायची. तिची मराठी काय उसनी होती?

तुकोगंजकर:
बडोद्याला माझी मावशी राहते. तिथे गुजरातीत लस 'मुकावतात'. प्रत्येक गावाचं आपलं क्रियापद.

सिस्टरताई, इंदूर:
मंडळी, मी तो शब्दच काढून टाकते आहे. आता प्रश्न असा: 'आधी कुठल्या औषधाने अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, दम लागला, असं झालंय का? किती वेळात?' पण माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलींना 'गांधी' कळलं नाही. 'चट्टे' लिहू का? चट्टा सपाट असतो, गांध फुगीर आणि खाजरी.

जुनी इंदूरवाली:
चट्टे नको. आमच्या घरी 'ददोरे' म्हणतात.

भाषाव्रती:
तो हिंदी आहे.

सुदामानगर:
पण आईला तोच कळतो.