‘गोजिरा’ची आरती आता बास?

निवांतनाना:
१९५४ च्या ‘गोजिरा’ची, म्हणजे पहिल्या जपानी गॉडझिलापटाची, आरती आता बास करा. रबरी सूट घातलेला माणूस पुठ्ठ्याची घरं तुडवतो, झालं. २०२३ च्या ‘गॉडझिला मायनस वन’ला व्हिज्युअल इफेक्ट्सचं ऑस्कर मिळाल्यावरही या बाहुल्यांच्या खेळाला अभिजात का म्हणायचं?

कॉन्ट्राबास:
नाना, पुठ्ठा नाही हो. पातळ लाकडी फळ्यांचा सांगाडा, त्यावर प्लॅस्टर आणि खडू. पाडायच्या इमारतींना आधीच बारीक चिरा देऊन ठेवलेल्या, पेटवायच्या होत्या त्यांच्यावर पेट्रोल. विजेचे मनोरे मेणाचे. दिव्यांची धग आणि गरम हवेचा झोत लागला की माना टाकतात. स्पेशल इफेक्ट्स सांभाळणाऱ्या त्सुबुरायाला ‘किंग काँग’सारखी बाहुली एकेका फ्रेमला थोडी थोडी हलवूनच दृश्यं करायची होती, पण हिशेब सात वर्षांवर गेला. म्हणून सूट. पहिला बांबू, तार, जाळी आणि वर लेटेक्सचे थर असा साधारण १०० किलोचा झाला. सूट घालणाऱ्या नाकाजिमा या नटाला धड चालता येईना. तो कापून नुसते पाय किंवा धड दिसायच्या शॉट्सना वापरला, आणि दुसरा हलका बनवला. जुगाड म्हणा हवं तर. खेळ म्हणू नका.

आणि १ मार्च १९५४ ला बिकिनी बेटांवरच्या अमेरिकन हायड्रोजन बॉम्ब चाचणीची राख ‘दाइगो फुकुर्यू मारू’ या जपानी मासेमारी बोटीच्या २३ खलाशांवर पडली. बोटीचे रेडिओ ऑपरेटर कुबोयामा २३ सप्टेंबरला गेले, सिनेमा ३ नोव्हेंबरला देशभर लागला. सुरुवातीलाच भर समुद्रात लख्ख उजेड होऊन जहाज पेटतं. ते बघताना तेव्हाच्या प्रेक्षकाला ‘बाहुल्यांचा खेळ’ आठवला असेल?

निवांतनाना:
हेतू थोर आहे म्हणून खेळण्यातला आगीचा बंब खरा वाटायला लागतो का? तो उलटतो तेव्हा हसूच येतं.

त्रिज्या:
इथे हेतूचं काम नाही, वर्गमुळाचं आहे. प्राणी ५० मीटर, प्रमाण १:२५, म्हणजे सूट २ मीटर. ३० मीटरवरून सुटलेली वीट अडीच सेकंदांनी जमिनीवर येते; मॉडेलमध्ये तेच अंतर १.२ मीटर, म्हणजे अर्धा सेकंद. पडझड भारदस्त दिसायची तर ती २५ च्या वर्गमुळाइतकी, ५ पट संथ व्हायला हवी. म्हणजे चित्रण सेकंदाला २४ फ्रेम्सऐवजी १२० ने. मग प्रत्येक फ्रेमला उजेड एक पंचमांश, म्हणून दिवे पाचपट, म्हणून सूटची भट्टी. शिवाय आतल्या माणसाने नेहमीपेक्षा जलद हलायला हवं, नाहीतर प्राणी थिजलेला दिसतो. तो सूट घालून जलद हलून दाखवा! बंब मात्र फसलाच आहे. एवढुशा गाडीला ना वजन ना सस्पेन्शन, ती टुणकन उडणारच.

खारं_पाणी:
हेच वर्गमूळ पाण्याला लाव की. कितीही संथ कर, पृष्ठताण तोच राहतो, थेंब काही लहान होत नाहीत. ४ मिलिमीटरचा थेंब १:२५ च्या जगात १० सेंटिमीटरचा, म्हणजे मोसंबीएवढा. लाट फुटते तिथे सगळं सोंग उघडं पडतं. आगीचंही तेच, ज्वाळेच्या जिभा इमारतीएवढ्या.

त्रिज्या:
मी पाण्याबद्दल एक अक्षर बोललेले नाही. आधी नीट वाचा.

खारं_पाणी:
बोलायला हवं होतं! प्राणी समुद्रातून येतो, बादलीतून नाही. अर्धवट गणित मांडून शिकवणी घेऊ नये.

कॉन्ट्राबास:
भांडा. पण म्हणूनच टोकियोवरचा मोठा हल्ला रात्री आहे, धुरात, कृष्णधवल, कॅमेरा खालून वर बघणारा. कच्च्या जागा कुठे आहेत हे त्सुबुरायाला तुमच्याआधी कळलं होतं.

हटवादी_हेडोरा:
पाणी राहू दे, मूळ सिनेमा किती जणांनी पाहिलाय? जगभर फिरला तो १९५६ चा अमेरिकन अवतार. ९६ मिनिटांची ८० केली आणि मध्ये रेमंड बर हा अमेरिकन नट घुसवला, तो पाठमोऱ्या लोकांशी बोलत बसतो. ट्रेनमधली बाई नागासाकीतून वाचल्याचं म्हणते, ते गायब. मूळ शेवटी सिनेमातले शास्त्रज्ञ यामाने बजावतात की चाचण्या थांबल्या नाहीत तर दुसरा गोजिरा येईल. तिकडे संकट टळून जग पुन्हा जगायला मोकळं!

निवांतनाना:
बरसाहेब नसते तर जपानबाहेर कुत्रं विचारत नव्हतं.

हटवादी_हेडोरा:
खरंय. जीभ कापून गायला पाठवलं, उपकारच झाले.

शुद्धलेखन_पोलीस:
गॉडझिला लिहा हो. ‘गोजिरा’ म्हटलं की काजळतीट लावलेलं बाळ डोळ्यांपुढे येतं.

हटवादी_हेडोरा:
गोरिला अधिक कुजिरा, म्हणजे देवमासा. नावात ‘गॉड’ कुठेच नाही. तीट तुम्ही लावा.

कॉन्ट्राबास:
आणि त्या बाळाचं रडणं संगीतकार इफुकुबेचं: कॉन्ट्राबास या मोठ्या तंतुवाद्याची तार सैल करून राळ लावलेल्या चामडी हातमोज्याने ओढली, मग ध्वनिमुद्रण संथ वाजवलं. इतके अवतार झाले, पण डरकाळीची ओळख अजून तीच.

निवांतनाना:
बरं. डरकाळी मान्य, मेणाचे मनोरेही मान्य. बंब अमान्य.

खारं_पाणी:
आणि पाणी?

त्रिज्या:
पाण्याचा वेगळा धागा काढा.