गॅप असेल तर कौशल्यांचा रेझ्युमे? चाकण-भोसरीसाठी माझं मत: तारखाच वर हव्यात

घाटवाट

आयटीआय आणि डिप्लोमा झालेल्या मुलांना हल्ली एक सल्ला सर्रास मिळतो. नोकरीत मध्ये गॅप (खंड) पडली असेल किंवा नोकऱ्या फार बदलल्या असतील तर 'फंक्शनल' रेझ्युमे करा. म्हणजे वर कौशल्यांचे गट, खाली कंपन्यांची नुसती नावं, तारखा गाळलेल्या. चाकण, भोसरी, रांजणगाव, वाळूज इथल्या कारखान्यांत अर्ज करणाऱ्यांनी हा सल्ला मानू नये. शेवटची नोकरी सर्वांत वर, मग मागे मागे जात आधीच्या, आणि प्रत्येकीला महिना व वर्ष. इथे हाच साचा चालतो.

रेझ्युमे आधी एचआरच्या किंवा कन्सल्टन्सीच्या माणसाच्या हाती पडतो. त्याचे प्रश्न ठरलेले: आत्ता कुठे, कोणत्या हुद्द्यावर, एकूण किती वर्षं, नोटीस किती दिवसांची. याची उत्तरं पहिल्या अर्ध्या पानात दिसली नाहीत तर पुढचं कोणी वाचत नाही. पुढे तो क्वालिटी किंवा प्रॉडक्शनच्या साहेबांकडे जातो, तिथे दुसरी अडचण. 'पीपीएपी, एमएसए, एसपीसी, एट-डी येतं' असं (म्हणजे ग्राहकाची भाग-मंजुरी, मोजमाप-पद्धतीची तपासणी, आकडेवारीने प्रक्रिया-नियंत्रण, तक्रार सोडवायच्या आठ पायऱ्या) एका ओळीत लिहिलं की ते कुठे केलं हे कळत नाही. ट्रेनी म्हणून पीपीएपीच्या फाइलीत कागद लावणं वेगळं आणि इंजिनिअर म्हणून तीच फाइल ग्राहकाकडून मंजूर करून घेणं वेगळं. नोकरीखाली लिहिलं की हा फरक आपोआप दिसतो.

आणि गॅप लपत नाही. पडताळणीच्या वेळी यूएएनची (पीएफच्या कायम क्रमांकाची) सर्व्हिस हिस्टरी मागतात. तिथे प्रत्येक आस्थापनेत कधी लागलात, कधी सोडलंत, सगळं तारखेसकट असतं. रेझ्युमेत गाळलेले आठ महिने ऑफर हातात आल्यावर उघडे पडले तर प्रश्न गॅपचा राहत नाही, खोटेपणाचा होतो.

ओवीकाठ

हे पे-रोलवरच्या माणसाला लागू आहे. ठेकेदारामार्फत काम करणाऱ्याचं काय? एकाच गेटमधून चार वर्षं आत जाणारा व्हीएमसी (धातू कापणारं संगणकीय मशीन) ऑपरेटर कागदोपत्री तीन ठेकेदारांकडे असतो, कारण टेंडर बदललं की ठेकेदार बदलतो. तुमच्या साच्यात त्याच्या तीन नोंदी होतात आणि वाचणारा म्हणतो, हा कुठे टिकत नाही. मशीन तेच, फॅनुकचा कंट्रोल (मशीन चालवणारा संगणक) तोच, सुपरवायझरही तोच. अशा माणसाने आधी कामच दाखवायला हवं: प्रोग्रॅम एडिट करतो का, ऑफसेट (हत्याराच्या मापाची दुरुस्ती) स्वतः देतो की सेटर देतो, जॉब (मशीनवर लावलेला भाग) बदलताना सेटिंग स्वतः करतो का, मोजणी व्हर्नियरवर की बोअर गेजवर, टॉलरन्स किती मायक्रॉन.

घाटवाट

रास्त मुद्दा. पण त्यासाठी तारखा उडवायची गरज नाही, नोंदी एकत्र करा. नोंदीचा मथळा ठेकेदाराचा न ठेवता कामाच्या जागेचा ठेवायचा. असं:

व्हीएमसी ऑपरेटर-सेटर, अमुक कंपनी, चाकण
जून २०२० – ऑगस्ट २०२४ (कंत्राटी; ठेकेदार: पहिला, जून २०२० – मार्च २०२२; दुसरा, एप्रिल २०२२ – मे २०२३; तिसरा, जून २०२३ – ऑगस्ट २०२४)

त्याखाली तुम्ही सांगितलेल्या सेटिंग, ऑफसेट, मायक्रॉनच्या ओळी. ठेकेदारांची नावं मात्र गाळू नका. पीएफच्या नोंदीत बहुतेक वेळा ठेकेदाराचंच नाव असतं, मूळ कंपनीचं नाही. रेझ्युमेत फक्त मोठ्या कंपनीचं नाव दिलं आणि तुमच्या पे-रोलवर हा माणूस होता का असं तिकडे विचारलं, तर उत्तर 'नाही' येणार. माणूस खरा असून खोटा ठरतो.

जाता जाता: बऱ्याच ठेकेदारांनी सोडल्याची तारीख भरलेलीच नसते, त्यामुळे दोन नोकऱ्या एकाच वेळी चालू दिसतात. शेवटची वर्गणी जमा होऊन दोन महिने झाले की सदस्याला पीएफच्या पोर्टलवर 'मार्क एक्झिट' (सोडल्याची तारीख भरणं) स्वतः करता येतं. रेझ्युमे लिहायला बसण्याआधी सर्व्हिस हिस्टरी उघडा आणि तारखा तिथूनच उतरवा.

मोनोस्पेस

दोघांचंही वाचणाऱ्या माणसाबद्दल चाललंय. माणसाआधी सॉफ्टवेअर वाचतं, त्यामुळे साच्याचा तांत्रिक भागही बघू.

मोठ्या कंपन्यांच्या करिअर पोर्टलवर रेझ्युमे चढवला की प्रणाली त्यातून हुद्दा, कंपनी, 'पासून', 'पर्यंत' हे रकाने भरायला बघते. फंक्शनल रेझ्युमेत या चार गोष्टी एकमेकींजवळ नसतात, मग रकाने रिकामे राहतात किंवा कौशल्याचं नाव कंपनीच्या रकान्यात जाऊन बसतं. शेवटी ते हाताने भरावंच लागतं, आणि तिथे तारीख भरल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नाही. तारखा टाळून कोणी सुटत नाही.

नुकसान करणाऱ्या बाकीच्या गोष्टी:

दोन रकान्यांचे देखणे टेम्पलेट. डावीकडे फोन आणि कौशल्यं, उजवीकडे अनुभव. काही प्रणाली आडवी ओळ सलग वाचतात, त्यामुळे 'मिनीटॅब' (आकडेवारीचं सॉफ्टवेअर) हा शब्द नोकरीच्या तारखेच्या मध्ये घुसतो. वर्डमधले टेक्स्ट बॉक्स आणि हेडर-फूटर काही ठिकाणी वाचलेच जात नाहीत. फोन नंबर हेडरमध्ये असेल तर तो गेला. कौशल्यापुढची पट्टी किंवा पाचपैकी चार तारे हे चित्र असतं, सॉफ्टवेअरला त्याचा अर्थ नाही. माणसालाही नाही: जीडी अँड टी (ड्रॉइंगवरच्या आकार-मापांच्या खुणा) 'ऐंशी टक्के' येतं म्हणजे काय?

तारीख '०६/२१' अशी नको, जून २०२१ की २१ जून हे कळत नाही. महिना अक्षरांत, वर्ष चार आकडी.

संक्षेप आणि पूर्ण नाव दोन्ही एकदा तरी यावं. शोधणारा 'सीएमएम' टाकेल किंवा 'कोऑर्डिनेट मेझरिंग मशीन', दोन्हीत सापडायला हवं.

मराठीत रेझ्युमे देणाऱ्यांसाठी (संस्था, शाळा, सहकारी बँका, वृत्तपत्रं): जुन्या श्रीलिपी किंवा तत्सम फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर इंग्रजी अक्षरांचा खिचडा दिसतो. युनिकोडच वापरा आणि पीडीएफ पाठवा.

तपासणी दोन मिनिटांची. पीडीएफ उघडा, सगळा मजकूर निवडा, कॉपी करा, नोटपॅडमध्ये पेस्ट करा. तिथे क्रम नीट दिसला तर बहुतेक प्रणालींना वाचता येईल. काहीच पेस्ट झालं नाही तर तुमची पीडीएफ म्हणजे फोटो आहे. झेरॉक्सवाल्याकडून स्कॅन करून आणलेल्या रेझ्युमेत हे हमखास होतं.

रानजाई

तारखांच्या बाजूने सगळे एकत्र आलेले दिसताहेत, म्हणून विरुद्ध बाजू मांडते.

बाळंतपण, सासू-सासऱ्यांचं आजारपण, नवऱ्याची बदली अशा कारणांनी पाच-सहा वर्षं घरी राहिलेल्या बाईचा विचार करा. तुमच्या साच्यात पहिली ओळ होते 'मार्च २०१९पर्यंत'. वाचणारा तिथेच थांबतो. तिने त्याआधी सात वर्षं अकाउंट्स सांभाळलेत, जीएसटी २०१७मध्ये लागू झाला तेव्हाचं संपूर्ण स्थित्यंतर तिने केलंय, टीडीएसची विवरणपत्रं भरलीत, पण हे सगळं त्या ओळीच्या खाली गाडलं जातं. अशा वेळी कौशल्यं वर आणणं म्हणजे लपवाछपवी नव्हे. वाचणाऱ्याने आधी काय पाहावं हे ठरवायचा हक्क अर्जदाराला आहे.

शिवाय प्रत्येक नोकरी पोर्टलवरून मिळत नाही. लहान सीए फर्म, डॉक्टरांचं क्लिनिक, सोसायटीचं ऑफिस इथे रेझ्युमे व्हॉट्सअॅपवर जातो आणि माणूसच वाचतो.

घाटवाट

हक्क मान्य. पण जीएसटीचं स्थित्यंतर कोणत्या आकाराच्या व्यवसायात केलं, महिन्याला किती बिलं, टॅलीत की दुसऱ्या प्रणालीत, हे नोकरीखालीच शोभतं. आणि तारीख नसलेला रेझ्युमे हाती आला की अनुभवी माणूस पहिल्यांदा तारीखच शोधतो. नाही सापडली तर प्रत्यक्षाहून वाईट काहीतरी मनात धरतो.

रानजाई

म्हणून तारीख गाळा असं म्हणतच नाही. मिश्र साचा करा. वर नाव, गाव, फोन. त्याखाली चार ते सहा ओळींचा कामाचा गोषवारा, प्रत्येक ओळीत एक क्रियापद आणि एक आकडा: 'दरमहा सुमारे ३०० खरेदी-बिलांची नोंद आणि जीएसटी विवरणपत्रं', 'बँक रिकन्सिलिएशन चार खात्यांचं'. मग उलट्या क्रमाने नोकऱ्या. आणि खंड ही एक नोंद म्हणूनच लिहा:

एप्रिल २०१९ – मे २०२४: कौटुंबिक जबाबदारी. २०२३मध्ये टॅली प्राइमचा अभ्यासक्रम पूर्ण, तेव्हापासून एका किराणा दुकानाचे हिशेब अर्धवेळ.

खंडात काहीच केलं नसेल तर पहिलं वाक्य पुरेसं. ओढूनताणून 'फ्रीलान्स कन्सल्टंट' लिहू नका, पहिल्याच प्रश्नाला ते कोसळतं. पण तो गोषवारा तारखांच्या वर हवा, यावर मी ठाम आहे.

मोनोस्पेस

गोषवारा वर असायला तांत्रिक अडचण काही नाही. मथळा फक्त साधा ठेवा. 'माझा प्रवास' असलं काव्यात्म नाव दिलं की प्रणालीला तो विभाग कसला ते कळत नाही. 'अनुभव', 'शिक्षण', 'कौशल्ये', बस्स.

नेकारकाठ

जर्मनीला अर्ज करणाऱ्यांसाठी थोडं. महाराष्ट्राने तिथल्या बाडेन-व्ह्युर्टेम्बर्ग राज्याशी २०२४मध्ये कुशल मनुष्यबळाचा करार केल्यापासून नर्सिंग, इलेक्ट्रिशियन, प्लंबरची मुलं विचारत असतात. तिथे फंक्शनल साच्याचा विचारच सोडा. जर्मन 'लेबेन्सलाउफ' (तिथला रेझ्युमे) हा तक्त्यासारखा, उलट्या क्रमाचा, महिना-वर्षासकट असतो, आणि मधला रिकामा काळ लगेच नजरेत भरतो. रानजाईंनी लिहिली तशी खंडाची प्रामाणिक नोंद तिथे अपेक्षितच असते. शेवटी गाव, तारीख आणि सही करायची जुनी पद्धत अजून दिसते. फोटोचं म्हणाल तर २००६च्या समान वागणुकीच्या कायद्यानंतर तो मागायचं कंपन्या टाळतात, पण अनेक अर्जदार लावतात. अमेरिकेत नेमकं उलट: फोटो, जन्मतारीख, वैवाहिक स्थिती काहीच नको.

आपल्या बायोडेटातला वडिलांचा व्यवसाय, धर्म, जात, उंची हे लग्नाच्या पत्रिकेतून आलंय, नोकरीच्या कागदावरून काढाच. 'वरील माहिती माझ्या माहितीप्रमाणे खरी आहे' हे प्रतिज्ञापत्र भारतात दिलं तर कोणी हरकत घेत नाही, पण दोन ओळींची जागा जाते.

ओवीकाठ

पुन्हा कारखान्याकडे. गोषवाऱ्याला मी रानजाईंच्या बाजूने. पण वेल्डरच्या बाबतीत घाटवाटांचं म्हणणं माझ्या अपेक्षेपेक्षा जास्त खरं निघतं, ते कबूल करते. प्रेशर व्हेसल आणि पाइपिंगच्या कामात एएसएमई सेक्शन ९ (वेल्डिंगच्या पात्रतेची नियमावली) लागतो. त्यानुसार वेल्डरने एखादी प्रक्रिया सहा महिने वापरली नाही तर त्या प्रक्रियेची पात्रता संपते. म्हणजे 'टिग, ६जी' (वेल्डिंगची प्रक्रिया आणि टेस्टमधली पाइपची तिरकी स्थिती) एवढं लिहिणं अपुरं. शेवटचं टिग कोणत्या महिन्यापर्यंत केलं, कोणत्या धातूवर, पाइपचा व्यास आणि जाडी किती, हे नोकरीखाली तारखेसकट असेल तरच नवी टेस्ट घ्यावी लागेल का हे समोरच्याला ठरवता येतं.

अप्रेंटिसशिपचा मात्र वाद आहे. बरीच मुलं ती 'शिक्षण' या मथळ्याखाली ढकलतात. माझ्या मते ती 'अनुभव'मध्येच हवी, हुद्द्यात 'अप्रेंटिस' असं स्पष्ट लिहून.

घाटवाट

अनुभवातच हवी, सहमत. एक खबरदारी: १९६१च्या अप्रेंटिस कायद्याखालच्या उमेदवाराला पीएफ लागू होत नाही, म्हणून यूएएनमध्ये त्या वर्षाचा मागमूस नसतो. पडताळणी करणाऱ्याला ते वर्ष कोरं दिसेल. नोंदीशेजारी राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रमाणपत्राचा उल्लेख करा आणि त्याची प्रत वेगळ्या पीडीएफमध्ये तयार ठेवा.

गोषवारा चार ओळींपर्यंत मान्य. सहा ओळी झाल्या की शेवटची नोकरी पहिल्या अर्ध्या पानाच्या खाली जाते, तिथे माझी हरकत कायम.

रानजाई

पाच.