किशोरवयात खाण्याच्या विकाराचा धोका कोणाला अधिक असतो?

अनुस्वार : माझी चौदा वर्षांची पुतणी अलीकडे सर्वांबरोबर जेवायचे टाळते, प्रत्येक पदार्थाच्या कॅलरी मोजते आणि विचारले की "माझं झालंय खाऊन" म्हणते. वजन वयाच्या मानाने योग्य असल्यामुळे घरचे निर्धास्त आहेत. मला मात्र काळजी वाटते. असा विकार कोणत्या मुलांना जडतो? आणि दोष समाजमाध्यमांचा मानावा की घराचा?

शतपावली : वजनावरून निर्धास्त होऊ नये. ऑस्ट्रेलियात चौदा-पंधरा वर्षांच्या मुलामुलींचा तीन वर्षे मागोवा घेणारा अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. त्यात कडक डाएट करणाऱ्या मुलींना खाण्याचा विकार होण्याची शक्यता डाएट न करणाऱ्या मुलींच्या १८ पट, तर बेताचे डाएट करणाऱ्यांना ५ पट आढळली. नैराश्य किंवा चिंतेने ग्रासलेल्या मुलींमध्येही धोका स्वतंत्रपणे वाढलेला होता. म्हणून काट्यावरच्या आकड्यापेक्षा तिचे खाण्याचे नियम किती कडक होत चालले आहेत, ते पाहा.

दीपमाळ : माध्यमांचा वाटा नाकारता येत नाही. भरल्या अंगाचे कौतुक असणाऱ्या फिजीच्या एका भागात १९९५ साली दूरचित्रवाणी आली आणि १९९८ पर्यंत तेथील शाळकरी मुलींमध्ये वजन घटवण्यासाठी मुद्दाम उलटी करण्याचा प्रकार दिसू लागला. तरीही तीच चित्रे पाहणाऱ्या बहुसंख्य मुली आजारी पडत नाहीत, कारण आनुवंशिकता, अतिचिकित्सक स्वभाव आणि पौगंडावस्थेत झपाट्याने बदलणारे शरीर हेही त्यात असते. घराला दोषी ठरवण्याच्या मी विरुद्ध आहे; पण अंगकाठीवरून होणारी थट्टा, मग ती कितीही लाडाची असो, धोका वाढवते, हे घरच्यांना सांगायलाच हवे.

रानवाट : मुलगेही यातून सुटत नाहीत. त्यांना बारीक होण्यापेक्षा पिळदार दिसायचे असते, त्यामुळे लक्षण "व्यायामाची आवड" म्हणून खपून जाते. कुस्ती, जिम्नॅस्टिक्स, लांब पल्ल्याचे धावणे अशा वजनाशी बांधलेल्या खेळांत, तसेच टाइप १ मधुमेह असलेल्या मुलांमध्ये विशेष लक्ष ठेवावे. वजन उतरावे म्हणून इन्सुलिन चुकवणे जिवावर बेतू शकते.

अनुस्वार : आभारी आहे. मग मी तिच्याशी थेट बोलावे का?

शतपावली : बोला, पण एकांतात, आणि वजनाचा विषय न काढता; "तू जेवताना अस्वस्थ दिसतेस" एवढे पुरे. आधी तिच्या आईवडिलांना विश्वासात घ्या, कारण या वयात कुटुंबाला सोबत घेऊन केलेले उपचार गुणकारी ठरतात. चक्कर येणे, पाळी थांबणे किंवा उलट्या यांपैकी काही आढळल्यास वाट न पाहता डॉक्टरांकडे न्या, म्हणजे नाडी, रक्तदाब आणि रक्तातील पोटॅशियम तपासता येईल.