'मी संपले' की 'माझं संपलं'? फ्रेंच भूतकाळात एत्र कधी, आव्वार कधी?

माजघर_तारकर्ली:
तारकर्लीत आमच्या निवास-न्याहारीच्या चार खोल्या आहेत. फ्रेंच शिकतेय मोबाइलवरूनच, दीड वर्ष झालं. परवा फ्रान्समधल्या ब्रेस्टचं एक जोडपं आलंय, गोव्याहून गाडीने कुडाळला आणि पुढे रिक्षाने. रात्री ओटा पुसून मी बाहेर आले नि ऐटीत म्हटलं, "झ स्वी फिनी." बाई सोलकढीची वाटी हातात तशीच धरून माझ्याकडे बघत राहिल्या. नवरा हळूच म्हणाला, "झे फिनी, मादाम." मी चक्क 'मी संपले' म्हणाले होते!

सकाळी 'मी बाजारात गेले' म्हणायला शहाणपणाने 'झे' (म्हणजे आव्वार, 'जवळ असणे') लावलं, 'झे आले ओ मार्शे', तर तेही चूक. तिथे म्हणे 'झ स्वी आले', म्हणजे एत्र ('असणे'). एत्रवाल्या पंधरा-सतरा क्रियापदांची यादी आहे, पण फोडणी करपत असताना यादी कोणाला आठवते? काही खूण सांगा. ते एत्रवाल्यांच्या आद्याक्षरांचं 'डॉक्टर अँड मिसेस व्हँडरट्रॅम्प' नको, त्यातलं कुठलं अक्षर कशाचं हेच विसरायला होतं.

खाडीकाठ:
ताई, 'मी' बाजूला ठेवा, त्याला 'ने' लागलेला दिसत नाही. वाक्य 'ती'वर घालून बघा. ती गेली, आली, पडली, वारली. तिने बांगडा तळला, तिने काम संपवलं. 'तिने' आलं की बहुतेक आव्वारच. नुसती 'ती' राहिली तर एत्रची शक्यता.

खरी मजा मोंते (चढणे) आणि देसांद्र (उतरणे) यांच्यात आहे. ती माडीवर चढली: एल ए मोंते (एत्र). तिने बॅग माडीवर चढवली: एल आ मोंते ला वालीझ (आव्वार). त्यांचं क्रियापद तेच राहतं, बदलतं ते एत्र-आव्वार. आपण क्रियापदच बदलतो, चढणे-चढवणे, उतरणे-उतरवणे. सोर्तीरचंही तसंच. ती बाहेर पडली, एल ए सोर्ती. तिने चावी बाहेर काढली, एल आ सोर्ती ला क्ले. पुस्तकवाले याला अपवाद म्हणून मागच्या पानावर कोंबतात, मला तर हाच नियम वाटतो.

शिरोड्याचो:
खूण बरी हा, पण जाळ्याक भोकां आसत. ती झोपली, पोहली, धावली, ह्यात 'ने' खंय हा? तरी आव्वारच: एल आ दोर्मी. शिकणे, पिणे, बोलणे, तीच गत. आणि उलट 'तिने आंघोळ केली' ह्येका एत्र लागता: एल से दुशे. स्वतःवर उलटणारी 'स'वाली क्रियापदां सगळी एत्रची. रेस्ते म्हणजे ऱ्हवणे, गेली-आली-पडलीसारखो जागचो हलणा नाय, तरी तोय एत्रवालो! तो पाठच करूक होयो.

माजघर_तारकर्ली:
कोळंबी सोलता सोलता वाचलं, हात धुऊन लिहितेय. चढवली-उतरवलीने डोक्यात उजेड पडला. पण अजून एक. सोलकढीला मी 'ला' लावते, कढी आपली स्त्रीलिंगीच ना. काल मी 'झे फे ला सोलकढी' म्हटलं, ते कोणाला खटकलं नाही. मग 'ला सोलकढी क झे फे' म्हटलं तर बाईंनी 'फेत' करून दिलं. आव्वार असताना शेपटी का बदलते?

खाडीकाठ:
कारण सोलकढी आधी आली. आव्वारबरोबर कर्म मागून आलं तर धातुसाधित (म्हणजे तो 'फे') जुळत नाही, आधी आलं तर जुळतं. आपण 'मी सोलकढी केली, भात केला' असं कुठेही जुळवतो. ते फक्त कर्म आधी आलं तरच. बोलताना बहुतेक ठिकाणी कळत नाही, मांझे (खाल्लं) लिहायला वेगळं पण कानाला सारखंच. फे-फेत, मी-मीझ (ठेवलं), प्री-प्रीझ (घेतलं) अशा मोजक्या ठिकाणी मात्र पकडले जाता.

शिरोड्याचो:
आणि बांगड्याक 'ला' लावू नको हां. तो त्यांच्यातय पुल्लिंगीच, ल माक्रो. कोळंबी ला क्रव्हेत.