शिंगाच्या मुठीला कीड लागते
चाकूची शिंगाची मूठ खोबरेल लावून डब्यात टाकली की काळजी मिटली, असं काहीजण म्हणतात. भेगा पडू नयेत एवढ्यापुरतं मान्य. पण शिंग म्हणजे आपल्या नखा-केसांसारखंच केराटिन, लोकर खाणारी कीड त्यालाही सोडत नाही. जुन्या सामानात घेतलेला माझा म्हशीच्या शिंगाचा चाकू (कोल्हापुरात गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावरच्या लांबशिंग्या म्हशी बघून मोह झालेला!) पावसाळाभर कपाटात होता. खंडेनवमीला पूजेसाठी काढला, तर पितळी खिळ्याशेजारी मूठ कुरतडलेली आणि खाली करडा भुसा. आता दर महिन्याला उघडून पुसतो.

आणि सेल्युलॉइडच्या (जुन्या काळच्या प्लॅस्टिकच्या) मुठीचा चाकू वेगळाच ठेवा राव. ते जुनं झालं की त्यातून आम्लधर्मी वाफ सुटते, शेजारच्या चांगल्या पात्यांवरही गंज चढतो.