माया लोक 'होते' की 'आहेत'?

जोंधळा : लेकीला 'माया संस्कृती'वर निबंध होता. पहिलंच वाक्य : 'माया लोक मक्याची शेती करत असत.' मी 'करतात' करायला लावलं. वही परत आली ती लाल शाईत पुन्हा 'करत असत' होऊन.

ग्वातेमालाच्या २०१८ च्या जनगणनेत साठ लाखांवर लोकांनी आपली नोंद माया अशी केली, म्हणजे शंभरातले जवळजवळ ४२. मेक्सिकोतल्या युकातानकडचे वेगळेच. इथे ह्यूस्टनला माझ्या ऑफिसात एक किचे, म्हणजे ग्वातेमालातल्या एका माया समाजातली, मैत्रीण आहे, आईशी फोनवर किचेतच बोलते. एकदा डबा खाताना मी विचारून बसले, 'तुमची संस्कृती लयाला कशी गेली गं?' तिच्या हातातला तोर्तियाचा तुकडा तसाच राहिला. 'आम्ही कुठे गेलो?' एवढंच म्हणाली. मला अजून त्याची लाज वाटते.

शिलालेख : तुमची भावना समजते, पण पटत नाही. धड्याचा विषय तिकाल आणि पालेंके ही जुनी माया शहरं आहे. ती नवव्या शतकाच्या आसपास ओस पडली, तिथे भूतकाळच हवा. देवगिरीचे यादव 'होते' म्हटल्याने आजच्या कुणा जाधवांचा अपमान होतो का?

जोंधळा : यादव हे घराणं. त्यांचं राज्य बुडालं, म्हणून मराठी माणसं संपली असं कुणी लिहीत नाही. राजाला, शहराला 'होता', 'होतं' म्हणा. लोकांना कशाला? आणि राज्यंही सगळी तेव्हाच संपली नाहीत. उत्तर ग्वातेमालात, पेतेनच्या सरोवरातलं इत्झा मायांचं राजधानीचं शहर नोहपेतेन स्पॅनिशांच्या हाती पडलं ते १६९७ मध्ये!

काना_मात्रा : काळाआधी नावाचं बघा. वर्तमानपत्रं 'मायन' लिहितात, ते इंग्रजीचं शेपूट आहे. मराठीत 'माया'च हवं. फक्त नुसतं 'मायांनी देवळं बांधली' कानाला खटकतं, आपल्याकडे माया म्हटलं की आईचीच आठवते. मी नेहमी 'माया लोकांनी' लिहितो.

डोंगरवाट : मी तर म्हणेन, 'माया'सुद्धा जपून वापरा. ग्वातेमालात २२ माया भाषा आहेत : किचे, कक्चिकेल, माम, केक्ची... एकीचं बोलणं दुसरीला कळेलच असं नाही. डोंगरातली माणसं पूर्वी ओळख सांगायची ती गावाची. 'माया' हे सगळ्यांचं नाव त्यांनी गेल्या शतकाच्या शेवटी हक्कांच्या चळवळीत मुद्दाम हाती घेतलं. रिगोबेर्ता मेंचू यांना १९९२ चं शांततेचं नोबेल मिळालं, त्या किचे. मग वाक्यात किचे लिहायला काय हरकत आहे?

जोंधळा : काहीच नाही, माहीत असेल तिथे तेच लिहावं. पण ज्या नावाखाली ते एकत्र आले, ते मी सोडणार नाही. तिथलं यादवी युद्ध ३६ वर्षं चाललं, दोन लाखांवर माणसं मारली गेली किंवा बेपत्ता झाली. १९९९ च्या सत्यशोधन आयोगाला ज्यांची ओळख पटवता आली, त्यांतले ८३ टक्के माया होते. या 'होते'ला मात्र मी हात लावणार नाही.

शिलालेख : शहरं 'होती', लोक 'आहेत', इथवर मान्य. पण 'प्राचीन माया' म्हटलं तर भूतकाळ चालेल ना?

जोंधळा : चालेल, 'प्राचीन' स्पष्ट लिहिलं तर. लेकीने आज वाक्य नव्याने लिहिलं : 'माया शेतकरी मका, घेवडा आणि भोपळा एकाच शेतात लावतात.' सोमवारी वही द्यायची आहे, सोबत बाईंना माझी चिठ्ठी.