माघारीचा हुकूम आणि पुढे गेलेली तीस विमाने

उत्तररात्र
दुसऱ्या महायुद्धातील ४ मार्च १९४४ च्या बर्लिनवरील बाँबफेकीच्या मोहिमेविषयी 'रणवेडा' यांनी काल येथील लेखात लिहिले की हवामान हे केवळ निमित्त होते. ज्यांच्यात दम होता ते पुढे गेले आणि बाकीचे न्याहारीला परतले. अशा वाक्यांकडे मी एरवी काणाडोळा करतो, पण त्याखालची वाहवा वाचल्यावर गप्प बसवेना.

त्या सकाळी आठव्या अमेरिकी वायुसेनेची पाचशेच्या आसपास बी-१७ बाँबर विमाने इंग्लंडमधून निघाली होती. ढग इतके उंच आणि दाट होते की माघारीचा संदेश पाठवावा लागला. हॉरहॅम तळाचा ९५ वा आणि थॉर्प अ‍ॅबट्स तळाचा १०० वा ग्रूप (विमानांची तुकडी), मिळून तीसएक विमाने, तरीही पुढे गेली, बर्लिनच्या नैर्ऋत्येला क्लाइनमाख्नोवर बाँब टाकले आणि त्यांतली पाच परतली नाहीत. या माणसांच्या धैर्याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. मात्र 'बाकीचे न्याहारीला परतले' हे धादांत खोटे आहे, कारण बर्लिन सोडून दिलेल्यांपैकी दोनशेहून अधिक विमानांनी बॉन, कोलोन, ड्युसेलडॉर्फ, फ्रँकफर्ट अशा ठिकाणी बाँब टाकले आणि त्यांनीही माणसे गमावली. पंखांचा पसारा एकतीस मीटरहून अधिक, आत दहा माणसे आणि पोटात बाँब अशी शेकडो विमाने एकमेकांना खेटून उडत असताना शेजारचे विमान ढगात दिसेनासे झाले, तर काय होते याची कल्पना करून मग भित्रेपणाचे शिक्के मारावेत.

रणवेडा
आपण माझे एक वाक्य पकडून अख्खे प्रवचन दिलेत, याबद्दल आभार. माझा मुद्दा वैमानिकांच्या भित्रेपणाचा नव्हता, तर निर्णय घेणाऱ्यांच्या कचखाऊपणाचा होता. आदल्याच दिवशी, ३ मार्चला, बर्लिनची मोहीम ढगांमुळेच सोडून दिली होती. आणि त्या दिवशी ५५ व्या फायटर ग्रूपची पी-३८ लढाऊ विमाने, माघारीचा संदेश न मिळाल्याने, थेट बर्लिनवर जाऊन आली. म्हणजे जे पोहोचले ते हुकूम न मिळाल्यामुळे किंवा न मानल्यामुळे पोहोचले. शिवाय ४ तारखेला पुढच्या विमानात रडार होते, त्यामुळे लक्ष्यावर ढग असणे ही अडचणच नव्हती. ९५ व्या ग्रूपला त्याबद्दल सरकारने गौरवपत्र दिले. हुकूम एवढा शहाणपणाचा होता, तर तो न पाळणाऱ्यांचा गौरव कशासाठी?

उत्तररात्र
रडारला खालचे शहर दिसते, शेजारचे विमान दिसत नाही. आणि गौरवाचे म्हणाल, तर पुढे गेलेल्यांना तो संदेश खरा आहे की जर्मनांनी पाठवलेला बनावट आहे अशी शंका होती, हे आपण सोयीस्करपणे विसरता. हुकूम झुगारणे वेगळे आणि हुकुमाची खात्री न पटणे वेगळे.

मोहीम रद्द न केल्यास काय होते तेही पाहू. ३० मार्च १९४४ च्या रात्री ब्रिटिश बाँबर कमांडची ७९५ विमाने न्युरेंबर्गला निघाली. वाटेवर आडोशाला ढग मिळणार नाहीत आणि लक्ष्यावर मात्र ढग असतील, अशी चिन्हे हवामान पाहून आलेल्या विमानाने दुपारीच कळवली होती. चंद्रप्रकाश होता. बाँबर कमांडचे प्रमुख हॅरिस यांनी मोहीम रद्द केली नाही. ९५ विमाने परतली नाहीत. एका रात्रीत इतकी हानी त्या दलाने संपूर्ण युद्धात पुन्हा सोसली नाही, आणि ती सोसून न्युरेंबर्गचे फारसे बिघडलेही नाही.

वातकुक्कुट
मी आयुष्यभर हवामानाचे नकाशे वाचण्याची नोकरी केली, त्यामुळे थोडे बोलतो. आमचा अंदाज चुकला की चहाच्या टपरीवर आमच्यावर विनोद होतात आणि बरोबर आला की श्रेय सेनापतीला जाते, हा जगाचा नियमच आहे. उदाहरण घ्या. ५ जून १९४४ ही एकच तारीख. नॉर्मंडीची चढाई त्या दिवशी व्हायची होती. जेम्स स्टॅग या हवामानतज्ज्ञाच्या सल्ल्यावरून ती एक दिवस पुढे ढकलली गेली. त्याच दिवशी आपल्याकडे, खरगपूरच्या परिसरातील तळांवरून ९८ अमेरिकी बी-२९ बाँबर विमाने बँकॉककडे निघाली. परतताना बंगालवरची पावसाळी हवा आणि संपत आलेले इंधन यांमुळे चाळीसहून अधिक विमाने भलत्याच धावपट्ट्यांवर उतरली. शत्रूने पाडलेले एकही नव्हते, तरी पाच विमाने गेली.

रणवेडा
वा! मग स्टॅग साहेबांनी दिलेल्या त्या वाढीव दिवशी काय झाले तेही सांगा की. ६ जूनला नॉर्मंडीच्या ओमाहा किनाऱ्यावर ढग होतेच. आपल्याच सैनिकांवर बाँब पडू नयेत म्हणून ते काही सेकंद उशिरा टाकले गेले आणि जर्मन मोर्चे सोडून आत शेतांत पडले. किनाऱ्यावर उतरणाऱ्यांनी त्याची किंमत मोजली. चांगल्या हवेची वाट पाहायची म्हटले तर उत्तर युरोपात युद्ध १९५० पर्यंत चालले असते. आपण पुण्यात पंख्याखाली बसून धुक्याचा धाक दाखवू नये.

वातकुक्कुट
मी नागपुरात असतो आणि येथे सध्या पंखा पुरत नाही. धुक्याचा धाक मात्र जरूर दाखवीन. १६ डिसेंबर १९४३ च्या रात्री बर्लिनच्या मोहिमेत २५ ब्रिटिश लँकास्टर बाँबर विमाने परतली नाहीत. आणि जी जर्मनांच्या तावडीतून सुटून घरी पोहोचली, त्यांच्यापैकी त्याहून अधिक विमाने इंग्लंडमधल्या धुक्यात धावपट्टी शोधता शोधता कोसळली किंवा सोडून द्यावी लागली. यात शौर्य कोठे बसवायचे ते आपणच सांगा.

लोहगावकरीण
मघापासून सेनापती, वैमानिक आणि हवामानवाले यांचेच चालले आहे. मोहीम रद्द झाल्यावर बाँब खाली कोण उतरवते, हा प्रश्न येथे कोणालाच पडलेला दिसत नाही.

माझे मोठे काका पन्नाशीच्या दशकात पुण्याच्या लोहगाव तळावर भारतीय वायुदलाच्या ६ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनमध्ये लिबरेटर विमानांवर एअरमन होते. ती विमाने समुद्रावर टेहळणीला जात. काका सांगत की लिबरेटरची इंजिने बराच वेळ बंद राहिली की तेल खालच्या सिलिंडरांत उतरते, म्हणून सुरू करण्यापूर्वी पंख्याचे प्रत्येक पाते दोघातिघांनी हाताने ढकलून फिरवावे लागे. इंजिने चार, वर पावसाची झड. एवढे करून विमान सज्ज झाले की पावसामुळे उड्डाण रद्द व्हायचे, वैमानिक मेसमध्ये जायचे आणि हे लोक इंजिनांवर ताडपत्री चढवत बसायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून तेच. ही शांतताकाळातील गोष्ट. इंग्लंडमध्ये हिवाळ्याच्या रात्री गारठलेल्या बोटांनी बाँबमधले फ्यूज काढून ते उतरवणाऱ्यांचे काय झाले असेल? त्यांना ना पदक, ना मोहिमेची मोजणी.

रणवेडा
ताई, काकांबद्दल आदर आहे, पण याचा ४ मार्चशी संबंध काय?

लोहगावकरीण
संबंध हा की 'रद्द' हा शब्द तुम्ही दोघेही असा वापरता, जणू त्या दिवशी काही घडलेच नाही.

शेवटचा बाक
मोजणीचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. शत्रूच्या हद्दीत शिरल्याशिवाय मोहीम अमेरिकी वैमानिकांच्या खात्यावर सहसा जमा होत नसे, आणि घरी जाण्यासाठी आधी पंचवीस मोहिमा लागत, त्या १९४४ च्या वसंतात तीस झाल्या. म्हणजे मध्यरात्री उठवून, नकाशावरचा पडदा सारून 'बर्लिन' दाखवायचे, आणि पहाटे विमानात बसल्यावर रद्द म्हणून सांगायचे. भीती पूर्ण भोगायची आणि खात्यावर शून्य. माझ्या मते अर्ध्या वाटेवरून बोलावण्यापेक्षा पाठवूच नये. ११ जानेवारी १९४४ ला हवा बिघडली म्हणून आठव्या वायुसेनेच्या तीनपैकी दोन डिव्हिजनना परत बोलावले. पहिली डिव्हिजन पुढे ओशर्सलेबेनकडे गेली आणि ९४ व्या ग्रूपसारखे काही जण ब्राउन्श्वाइगपर्यंत गेले. त्या दिवशी ६० बाँबर गेले.

उत्तररात्र
हा मुद्दा वजनदार आहे. अर्धवट माघार ही कधी कधी पूर्ण चढाईपेक्षा महाग पडते, हे मला मान्य करावे लागेल. पण त्यावर उपाय माघार स्पष्ट आणि खात्रीच्या संकेताने कळवणे हा आहे, माघारच न घेणे हा नव्हे.

रणवेडा
उत्तररात्र यांच्या समाधानासाठी माझ्या मूळ लेखात 'न्याहारीला' ऐवजी 'बॉनमार्गे दुपारच्या जेवणाला' असे वाचावे. बाकी मत कायम आहे. ६ मार्चला हवा उघडली, आठवी वायुसेना पूर्ण ताकदीने बर्लिनवर गेली आणि ६९ बाँबर गमावून आली. त्यातल्या त्यात बऱ्या हवेतले हे आकडे आणि ४ मार्चचे पाच शेजारी शेजारी ठेवा, आणि मग ढग कोणाच्या बाजूने होते ते सांगा.

वातकुक्कुट
तीसांपैकी पाच आणि सातशेच्या घरातून ६९. भागाकार करून पाहा, मग बोलू.